'गोंडवाना'पासून 'अर्नाळा'पर्यंत : मर्यादित निधीत नौदल कसे उभे राहते?

भिवापूर, प्रतिनिधी – समुद्र हा मुंबई-कोकणाचा विषय, अशी समजूत मिरचीच्या बाजारपेठेसाठी ओळखल्या जाणाऱ्या भिवापूर-उमरेड परिसरात आढळली तर त्यात नवल नाही. येथून सर्वांत जवळचा किनाराही शेकडो किलोमीटर दूर आहे. तथापि, दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षी, १९४५ मध्ये, तत्कालीन रॉयल इंडियन नेव्हीत दाखल झालेल्या एका युद्धनौकेचे नाव 'गोंडवाना' असे होते, ही बाब विदर्भातही फारशी कोणाच्या स्मरणात नाही. तिच्या जोडीला 'आसाम', 'सिंध' आणि 'मराठा' या नौका होत्या. या चारही नौका 'कॉर्वेट' प्रकारच्या होत्या.

'गोंडवाना' ही मूळची ब्रिटिश नौदलासाठी बांधलेली 'बर्नेट'. १९४६ मध्ये ती ब्रिटनला परत करण्यात आली आणि १९४७ मध्ये थायलंडने ती विकत घेऊन 'बांगपाकोंग' या नावाने आपल्या ताफ्यात घेतली. अवघ्या दोन वर्षांच्या काळात एकच नौका तीन नौदलांच्या उपयोगी पडली. तिजोरीत पैसा थोडा आणि किनारा लांब, अशा स्थितीतील देश कॉर्वेटकडे का वळतात, याचे उत्तर या प्रवासात दडलेले आहे. मात्र हीच छोटी नौका चुकीच्या कामी लावली तर किती महाग पडते, याचेही दाखले इतिहासात आहेत. आपल्या नौदलाने हे दोन्ही अनुभव घेतले आहेत.

कॉर्वेट म्हणजे नेमके काय?

युद्धनौकांच्या उतरंडीत विमानवाहू नौका, विनाशिका आणि फ्रिगेट यांच्या खाली कॉर्वेटचा क्रमांक लागतो. तिचे वजन साधारणतः पाचशे टनांपासून तीन हजार टनांपर्यंत असते. तिच्याहून लहान त्या क्षेपणास्त्र नौका व गस्ती नौका. फ्रिगेट एकाच वेळी पाणबुडी, विमान आणि शत्रूची नौका अशा तिन्ही संकटांना तोंड देऊ शकते आणि महिनोन्महिने दूरच्या समुद्रात राहू शकते. कॉर्वेटला हे जमत नाही. तिच्यावर जागा कमी, इंधनाचा साठा कमी आणि शस्त्रेही मोजकी. त्यामुळे एखादे काम मुख्य ठरवून ती बांधावी लागते.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने 'फ्लॉवर' वर्गाच्या अडीचशेहून अधिक कॉर्वेट तयार करवून घेतल्या. 'गोंडवाना' याच वर्गातील होती. अटलांटिक महासागरात जर्मन पाणबुड्या मालवाहू जहाजे बुडवीत होत्या आणि त्यांच्या संरक्षणासाठी तातडीने नौका हव्या होत्या. विनाशिका बांधण्यास वेळ व पैसा दोन्ही नव्हते. तेव्हा देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजाच्या आराखड्यावरून ही नौका बेतण्यात आली. व्यापारी जहाजे बांधणाऱ्या लहान गोद्यांनाही ती बांधता येत असे. वेग बेताचा आणि खवळलेल्या समुद्रात नौसैनिकांचे हाल ठरलेले. परंतु जहाजांच्या तांड्यासोबत राहून पाणबुडीला दूर ठेवणे हे काम तिने चोख बजावले. तिच्याकडून दुसऱ्या कशाची अपेक्षाच नव्हती.

खांदेरीचा धडा

महाराष्ट्राला हे तत्त्व नवे नाही. छत्रपती शिवाजी महाराजांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात आरमार उभारले, तेव्हा पोर्तुगीज व इंग्रजांच्या मोठ्या तोफांच्या जहाजांशी बरोबरी करणे आर्थिकदृष्ट्या शक्य नव्हते. म्हणून भर देण्यात आला तो गुराब आणि गलबत या उथळ तळाच्या, किनाऱ्याच्या पाण्यात सहज फिरणाऱ्या नौकांवर. गलबत शिडाबरोबर वल्ह्यांवरही चालत असे. वारा पडला की मोठे जहाज जागीच अडकून राही, गलबत मात्र पुढे सरकत असे.

१६७९ मध्ये मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर मायनाक भंडारी यांच्या देखरेखीखाली किल्ल्याचे बांधकाम सुरू झाले. इंग्रजांनी ते रोखण्यासाठी 'रिव्हेंज' या जहाजासह आपला ताफा पाठविला. ऑक्टोबरमधील चकमकीत मराठ्यांनी इंग्रजांचे 'डव्ह' हे जहाज पकडले. 'रिव्हेंज'ने मात्र एकाकी पडूनही गलबतांना दाद दिली नाही. समोरासमोरच्या लढाईत लहान नौकेची मर्यादा त्या दिवशी उघड झाली. परंतु गलबतांचे खरे काम 'रिव्हेंज' बुडविणे हे नव्हतेच. बेटावर माणसे, धान्य आणि दारूगोळा पोहोचविणे हे ते काम होते, आणि रात्रीच्या अंधारात, उथळ पाण्यातून ते सतत होत राहिले. अखेर १६८० च्या प्रारंभी इंग्रजांनी माघार घेतली. खांदेरी मराठ्यांकडेच राहिली.

एकोणीसशे एकाहत्तरचे दोन अनुभव

स्वातंत्र्यानंतर भारतीय नौदलाच्या वाट्याला संरक्षण निधीतील अल्प हिस्सा येत असे. १९६२ च्या चीन युद्धानंतर तर भूदल व हवाई दलाच्या गरजा अग्रक्रमाच्या ठरल्या. या परिस्थितीत नौदलाने जे घेतले त्यात दोन प्रकारच्या लहान नौका होत्या. दोन्हींची परीक्षा डिसेंबर १९७१ मध्ये एकाच आठवड्यात झाली.

पहिला प्रकार म्हणजे सोव्हिएत संघाकडून घेतलेल्या आठ क्षेपणास्त्र नौका. प्रत्येकीचे वजन अडीचशे टनांच्या आसपास. त्यांचा पल्ला इतका तोकडा की, मुळात त्या बंदराच्या रक्षणासाठी होत्या. नौदलाने त्यांना दोरखंडाने ओढत कराचीच्या दिशेने नेण्याचा मार्ग काढला. ४ डिसेंबरच्या रात्री 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर' या तीन नौकांनी कराचीसमोर हल्ला चढविला. 'किल्तान' व 'कच्छाल' या पाणबुडीविरोधी नौका त्यांच्या सोबतीला होत्या. 'निर्घात'ने स्वतःच्या सुमारे दहापट वजनाची पाकिस्तानी विनाशिका 'खैबर' बुडविली, तर 'वीर'ने सुरुंगशोधक 'मुहाफिज'ला जलसमाधी दिली. देशात दरवर्षी ४ डिसेंबर रोजी साजरा होणारा नौदल दिन याच कारवाईच्या स्मरणार्थ आहे.

दुसरा अनुभव पाच दिवसांनी आला. ९ डिसेंबरच्या रात्री दीवच्या किनाऱ्यापासून सुमारे ४० सागरी मैलांवर पाकिस्तानच्या 'हंगोर' या पाणबुडीने पाणतीर सोडून 'आयएनएस खुकरी' बुडविली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक, असे एकूण १९४ जण मृत्युमुखी पडले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी नौका सोडली नाही. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र देण्यात आले.

ही 'खुकरी' ब्रिटनमध्ये बांधलेल्या, कमी खर्चातील फ्रिगेटच्या वर्गातील होती. खर्च आवरण्यासाठी या वर्गाला एकच पंखा म्हणजे प्रॉपेलर आणि मोठ्या तोफेऐवजी केवळ हलक्या तोफा देण्यात आल्या होत्या. हेलिकॉप्टरची सोय नव्हती. पाणबुड्या शोधून नष्ट करणे हेच तिचे काम, आणि त्याच कामावर ती त्या रात्री होती. मग चुकले कोठे? तिचा आराखडा होता १९५० च्या दशकातील, आणि समोरची फ्रेंच बनावटीची पाणबुडी होती अगदी नवी. ध्वनिलहरींच्या साह्याने पाण्याखालचा वेध घेणाऱ्या 'सोनार' यंत्रणेचा पल्ला 'हंगोर'वर अधिक होता. त्यातच 'खुकरी'च्या सोनारवर एका सुधारणेचा प्रयोग सुरू होता व त्यासाठी वेग कमी ठेवण्यात आला होता.

दोन्ही अनुभव शेजारी ठेवले की अर्थ स्पष्ट होतो. क्षेपणास्त्र नौका लहान होत्या, पण त्यांच्यावरील शस्त्र त्या काळात अव्वल होते आणि त्यांची उणीव सोबतच्या नौकांनी भरून काढली. 'खुकरी' आकाराने त्यांच्याहून कितीतरी मोठी होती, पण ज्या एका कामासाठी ती बांधली गेली त्याच कामाचे उपकरण मागे पडले होते. एकाच कामाच्या नौकेला दुसरा आधार नसतो. ते एक उपकरण जुने झाले की संपूर्ण नौकाच जुनी होते.

माझगाव गोदीतील नवी 'खुकरी'

बुडालेल्या नौकेचे नाव नौदलाने पुसू दिले नाही. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली नवी 'खुकरी' २३ ऑगस्ट १९८९ रोजी सेवेत दाखल झाली. या वेळी ती स्वदेशात बांधलेली क्षेपणास्त्र कॉर्वेट होती. पाठोपाठ १९९० मध्ये माझगावचीच 'कुठार' आली आणि १९९१ मध्ये कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीतून 'कृपाण' व 'खंजर' आल्या. सुमारे ९० मीटर लांबी, चौदाशे टनांच्या आसपास वजन, ताशी २५ सागरी मैलांचा वेग, जहाजविरोधी चार क्षेपणास्त्रे आणि चेतक हेलिकॉप्टर उतरण्याइतकी जागा, असे त्यांचे स्वरूप. डिझेल इंजिने फ्रेंच आराखड्याची असली तरी परवान्यानुसार त्यांची जुळणी किर्लोस्करांनी केली.

या वर्गाची सर्वांत मोठी कमाई मात्र नौकांच्या संख्येत मोजता येणार नाही. आराखडा आखणे, पोलाद कापणे, परदेशी क्षेपणास्त्र व स्वदेशी यंत्रणा यांची सांगड घालणे, ही विद्या लहान नौकेवर शिकता आली. चूक झाली तरी नुकसान आवाक्यातले. याच माझगाव गोदीतून पुढे विनाशिका बाहेर पडल्या, आणि १५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईत सेवेत दाखल झालेली फ्रिगेट 'निलगिरी' ही तिचीच निर्मिती होय.

हिशेबाच्या वहीत काय दिसते?

आता आकड्यांकडे वळू. 'निलगिरी'च्या वर्गातील सात फ्रिगेटच्या प्रकल्पाचा एकूण खर्च सुमारे ४५ हजार कोटी रुपये आहे. म्हणजे एक नौका साधारण ६ हजार ४०० कोटींची. उथळ पाण्यात पाणबुड्यांचा माग काढणाऱ्या १६ नौकांसाठी एप्रिल २०१९ मध्ये करार झाले. त्यांपैकी आठ कोलकात्याच्या गार्डन रीचला आणि आठ कोचीन गोदीला देण्यात आल्या. प्रत्येक आठ नौकांच्या कराराची किंमत सुमारे ६ हजार ३११ कोटी, म्हणजे एक नौका जवळपास ७९० कोटींची. करारांची वर्षे वेगळी असल्याने ही तुलना ढोबळच मानावी लागेल. तरीही एका फ्रिगेटच्या किमतीत आठ लहान नौका, हे प्रमाण कोणत्याही अर्थमंत्र्याचे लक्ष वेधून घेईल.

शस्त्र बदलले की किंमत कशी बदलते, तेही पाहण्यासारखे आहे. मार्च २०२३ मध्ये कोचीन गोदीशीच सहा नव्या क्षेपणास्त्र नौकांचा करार झाला, तो ९ हजार ८०५ कोटींचा. म्हणजे एक नौका सुमारे १ हजार ६३४ कोटींची, पाणबुडीविरोधी नौकेच्या दुप्पट. युद्धनौकेत पोलादापेक्षा वेग, रडार, क्षेपणास्त्रे आणि त्यांना जोडणारी संगणकीय यंत्रणा यांचेच मोल अधिक असते.

याच सोळा नौकांच्या मालिकेतील पहिली 'अर्नाळा' १८ जून २०२५ रोजी विशाखापट्टणम येथे सेवेत दाखल झाली. वसईजवळच्या ज्या अर्नाळा बेटावर मराठ्यांनी १७३७ मध्ये किल्ला उभारला, त्यावरून हे नाव आले. ७७ मीटरहून थोडी अधिक लांबीची ही नौका डिझेल इंजिनांच्या बळावर पाण्याचा झोत मागे फेकून पुढे जाते. तिच्या मागोमाग ऑक्टोबरमध्ये 'आंद्रोत' आणि नोव्हेंबरमध्ये मुंबईत 'माहे' दाखल झाली. किनाऱ्याजवळच्या गढूळ, उथळ पाण्यात मोठ्या फ्रिगेटला पाणबुडी शोधणे अवघड जाते. त्या एका कामासाठी या नौका आहेत.

अर्धवट नौकेचा धोका

स्वस्त नौका वाटेत महाग कशी होते, याचे उदाहरण म्हणून 'कामोर्टा' वर्गाकडे बोट दाखविता येईल. पाणबुडीविरोधी अशा या चार कॉर्वेटच्या प्रकल्पाला २००३ मध्ये सुमारे ३ हजार ५० कोटींची मंजुरी मिळाली होती. २०११ मध्ये ती सुधारून सुमारे ७ हजार ८५० कोटींवर गेली. पहिली 'कामोर्टा' सेवेत आली ती २०१४ मध्ये आणि शेवटची 'कवरत्ती' २०२० मध्ये. नौकेचे वजन वाढत तीन हजार टनांपलीकडे गेले होते. तरीही 'कामोर्टा' दाखल झाली तेव्हा मागे ओढत न्यायची लांब पल्ल्याची सोनार यंत्रणा आणि विमानविरोधी क्षेपणास्त्रे तिच्यावर नव्हती. वर्ग मात्र पाणबुडीविरोधीच म्हणविला जात होता.

नौका आधी बांधायची आणि काही उपकरणे पैसा येईल तशी पुढे बसवायची, ही पद्धत जगभर रूढ आहे आणि ती सरसकट चुकीची नाही. जागा, वीज आणि तारांची व्यवस्था आधीच करून ठेवली तर दहा वर्षांनी नवे क्षेपणास्त्र सहज बसते. मात्र जे उपकरण नौकेच्या मुख्य कामाचे आहे तेच मागे ठेवले, तर ती बचत नव्हे. १९७१ ची 'खुकरी' हेच सांगून गेली आहे.

जुनी नौका, नवा खर्च

निधी आणखी कमी असेल तर देश जुन्या नौकांकडे वळतात. इंडोनेशियाने १९९० च्या दशकाच्या प्रारंभी पूर्वाश्रमीच्या पूर्व जर्मनीच्या ३९ नौका घेतल्या. त्यांत १६ कॉर्वेट होत्या. सर्वांची मिळून किंमत अवघी सुमारे १ कोटी २७ लाख डॉलर. परंतु त्या उष्ण कटिबंधाच्या पाण्यात चालण्याजोग्या करणे, डागडुजी आणि वाहतूक यांवरचा खर्च मूळ किमतीच्या कित्येक पटींनी वाढला. या व्यवहारावर लिहिणाऱ्या 'टेम्पो' या साप्ताहिकावर १९९४ मध्ये बंदी आली.

भारताने २०२३ मध्ये व्हिएतनामला 'कृपाण' भेट दिली, तेव्हा हा धोका बराचसा टाळला गेला. ३२ वर्षांच्या सेवेनंतरही चालू स्थितीत असलेली ही नौका शस्त्रास्त्रांसह २२ जुलै रोजी काम रान्ह येथे व्हिएतनामच्या नौदलाकडे सोपविण्यात आली. व्हिएतनामचे नौदल सोव्हिएत बनावटीच्या शस्त्रांना सरावलेले असल्याने 'कृपाण'वरील क्षेपणास्त्रे व तोफा त्यांना परक्या नव्हत्या. जुनी नौका घेताना सुटे भाग आणि माहितगार हात घरात आहेत की नाहीत, हा पहिला प्रश्न असतो. किंमत त्यानंतर येते.

काही देशांनी तर कॉर्वेटचा मोहच टाळला. श्रीलंकेने गोवा शिपयार्डकडून 'सयुराला' आणि 'सिंदुराला' या मोठ्या गस्ती नौका बांधून घेतल्या व त्या २०१७ आणि २०१८ मध्ये त्या देशाला मिळाल्या. त्यांच्यावर जहाजविरोधी क्षेपणास्त्रे नाहीत. यादवी युद्ध संपल्यानंतर श्रीलंकेपुढे प्रश्न उरले ते मासेमारी, तस्करी आणि शोध-बचावाचे. त्यांना दूरवर टिकून राहणारी नौका हवी होती. फिलिपिन्सने दोन्ही वाटा धरल्या. दक्षिण कोरियाची एक जुनी कॉर्वेट २०१९ मध्ये ताफ्यात घेतली, आणि जानेवारी २०२२ मध्ये भारताशी किनाऱ्यावरून डागावयाच्या ब्राह्मोस क्षेपणास्त्रांचा सुमारे साडेसदतीस कोटी डॉलरचा करार केला. समुद्रात नौका कमी असल्या तरी किनाऱ्यावरचे क्षेपणास्त्र शत्रूला दूर ठेवते, असा हा हिशेब. ब्राह्मोसचे एक केंद्र नागपुरातही असल्याने विदर्भाचा समुद्राशी संबंध नाही, असे आता म्हणता येणार नाही.

खरेदीपूर्वीचे प्रश्न

या साऱ्या अनुभवांतून मर्यादित निधीच्या नौदलासाठी काही गोष्टी स्पष्ट होतात. नौका पाणबुडीसाठी, शत्रूच्या जहाजासाठी की गस्तीसाठी, हे करारापूर्वी ठरले पाहिजे. तिन्ही कामे एकाच लहान नौकेवर लादली की वजन वाढते, किंमत वाढते आणि एकही काम नीट होत नाही. खरेदीच्या किमतीत इंधन, पगार, सुटे भाग आणि मधल्या काळातील दुरुस्ती धरलेली नसते. तीस वर्षांत हा खर्च मूळ किमतीला मागे टाकतो. एकाच वर्गाच्या नौका घेतल्या तर सुटे भाग व प्रशिक्षण स्वस्त पडते. चार देशांच्या चार नौका दिसायला ताफा असतात, पण गोदीत त्या चार वेगवेगळी दुखणी होऊन बसतात. तीन नौकांपैकी एक दुरुस्तीत व एक प्रशिक्षणात असते, हे गृहीत धरूनच संख्या ठरवावी लागते. आणि लहान नौका एकटी पाठवायची नसते. तिला हेलिकॉप्टरची, टेहळणी विमानाची किंवा मोठ्या नौकेची सोबत लागते. तो खर्चही त्याच वहीत मांडला पाहिजे.

माझगावची 'खुकरी' २३ डिसेंबर २०२१ रोजी निवृत्त झाली आणि जानेवारी २०२२ मध्ये संग्रहालयासाठी दीव प्रशासनाकडे सुपूर्द करण्यात आली. तिच्या आधीची, त्याच नावाची नौका १९४ जणांसह तेथून काही मैलांवर समुद्रतळाशी आहे. बत्तीस वर्षे सेवा करून निवृत्त होणे आणि एका रात्रीत बुडणे यातील फरक पैशाचा होता, असे सरसकट म्हणता येत नाही. दोन्ही नौका मर्यादित निधीतूनच आल्या होत्या. नौकेकडून काय अपेक्षित आहे आणि त्यासाठी तिच्याजवळ आजचे साधन आहे काय, हा प्रश्न दरवर्षी विचारला जातो की नाही, त्यावर हा फरक ठरतो. निधी देणारा करदाता भिवापूरचा असो वा मुंबईचा, तो प्रश्न विचारण्याचा अधिकार त्यालाही आहे.